हर लेकराले नवी सुई

१

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेकडून चार रिपोर्ट आले आणि डॉ. अमरदीप आडे याच्या हातातला चहा तसाच निवून गेला. चारही लेकरं त्याच्याच वार्डातली. चौघांनाही हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. कॅन्सरशी झगडून आधीच खिळखिळ्या झालेल्या त्या अंगांत हा पाहुणा कुणीही न बोलावता शिरला होता. तोही एकाच वाणाचा, चौघांत हुबेहूब सारखा. म्हणजे तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता, आणि गेला होता तो याच चार भिंतींच्या आत.

अमरदीप मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर जन्मला. नागपुरात शिकून मोठा डॉक्टर झाला आणि तिथंच बस्तान मांडायचं सोडून हा शहाणा परत गावाकडे आला. कारण एकच. तांड्यावरची लेकरं नागपूरच्या खेपा घालता घालता उपचार अर्ध्यावर सोडून देत, आणि मग कुणी त्यांचं नाव काढत नसे. म्हणून मानोऱ्याच्या धर्मादाय दवाखान्यात त्यानं मुलांसाठी हा छोटा वार्ड उभा केला. नर्सच्या टेबलामागच्या भिंतीवर स्वतः ब्रश घेऊन निळ्या रंगात एक ओळ लिहिली: 'हर लेकराले नवी सुई.' पुस्तकी मराठी त्याला मुद्दामच नको होती. आपल्या आईच्या तोंडची भाषा भिंतीवर आली, याचा त्याला भारी अभिमान होता. येईल त्या पाहुण्याला तो आधी ती भिंत दाखवायचा.

दुपारी जिल्ह्याहून निरोप आला. सोमवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर वार्डाला कुलूप.

रामीबाई खाटेशेजारी बसली होती. तिची हेमला त्या चौघांतलीच, डोळ्यांत हळदीचा रंग उतरलेला.

"डाक्टर, कुलूप लागलं तं मी हिले घेऊन कुठं जाऊ?" ती म्हणाली. "यंदा सारा तांडा ऊस तोडाले गेला, मी हिच्यासाठी मांगं राह्यली. नागपूरले जानं माह्याच्यानं नाई होत. मंग हिचं औषीदच बंद होईन ना?"

तेवढ्यात वार्डाच्या दारातून आरडाओरडा ऐकू आला.

२

दारात इंझोरीचे उकंडराव उभे होते. चांगली बागायती, पिळदार मिशा आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज. त्यांचा नातू किशन हाही चौघांतला.

"मले मालूम हाय हे कुठून आलं ते!" ते गरजले. "तांड्यावरून रक्त आनतेत अठी. कोनाचं रक्त, कसं रक्त, कोनी पाह्यलं?"

रामीबाईचा भाऊ मोहनसिंग जवळच उभा होता. वार्डासाठी रक्तदाते गोळा करायचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. रक्त लागलं की हा गडी मोटरसायकलवर तांडे पालथे घालायचा. त्याचा चेहरा पडला, पण तो बोलला एवढंच, "पाटील, ते रक्त वाशीमले तपासल्याबिगर कोनालेच देत नाईत."

"मंग रविवारी डोकी कराले येते त्या न्हाव्याचा वस्तरा असंन!"

उकंडरावांना कुणीतरी गुन्हेगार हवा होता, आणि तो ताबडतोब हवा होता. हे सगळं चालू असताना दाराशी एक बाई शांतपणे चपला काढत होत्या. खांद्यावर शबनम, केसांत पांढरी बट, पायांवर एसटीच्या प्रवासाची धूळ. अमरदीपनं सकाळीच फोनवर सगळी नावनिशी सांगून बोलावलेल्या अकोल्याच्या डॉ. सुकेशनी तायडे त्या ह्याच. साथीचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं अमरदीपनं ऐकलं होतं. त्याला वाटलं होतं, बाई गाडी घेऊन येतील, मागे दोन सहायक असतील. बाई मेडशीला एसटी बदलून एकट्याच आल्या होत्या.

"भांडा, भांडा," त्या हसून म्हणाल्या. "भांडणात मानूस जे बोलते ना, ते विचारून बी सांगत नाई. हां, उकंडराव, किशनले किती वेळा रक्त लावलं अठी?"

उकंडराव थबकले. "एकदा बी नाई. मी लावूच देलं नसतं. लागलं असतं तं आमच्या घरचंच देलं असतं. पन लागलंच नाई."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "ज्याच्या अंगात तांड्याचा थेंब गेला नाही, त्यालाही तीच कावीळ. मोहनसिंगभाऊ, तुमी सुटले."

एवढ्याशा प्रश्नानं वार्डातला निम्मा विखार उतरला. अमरदीप मनात म्हणाला, ही बाई काहीतरी करेल. पण रक्तातून नाही, तर मग कशातून?

३

बाई दोन दिवस वार्डात नुसत्या बसून होत्या. कुणाशी गप्पा मार, कुणाच्या डब्यातली भाकर खा, कुणाच्या बाळाला मांडीवर घे. अमरदीपला आधी वाटलं, ही काय तपासणी म्हणायची? मग त्याच्या लक्षात आलं की बाई ज्याच्याशी बोलतात, तो माणूस उठताना आपण होऊन एखादी गोष्ट जास्तीची सांगून जातो.

हरीओम न्हावी आला. बसस्टँडवर त्याचं दुकान. औषधानं केस पुंजक्यांनी गळायला लागले की लेकरं आरशात बघून रडतात, म्हणून हा रविवारी येऊन फुकट डोकी करून द्यायचा, आणि शेवटी आपलीही तुळतुळीत टाळू लेकरांना चोळायला द्यायचा. सोन्यासारखा माणूस. आज मात्र भेदरला होता.

"मॅडम, हर डोक्याले नवी पत्ती लावतो मी. बायकोची शप्पत."

"आणि मूठ?"

"मूठ तं तीच राहीन ना! पत्ती बदलली का झालं."

बाईंनी त्याचा वस्तरा मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "वस्तऱ्याचं तसं चालतं, हरीओमभाऊ. मूठ बाहेरून पुसता येते. शिवाय किशनचे केस आपोआपच गळले, त्याच्या डोक्याला तुमचा हातही लागलेला नाही. घरी जा, जेवा."

हरीओम सुटला, पण 'मूठ तीच' हे शब्द बाईंनी हळूच पुन्हा एकदा उच्चारले. ते का, हे अमरदीपला कळलं नाही.

मग रंजीता सिस्टरचा नंबर लागला. मालेगावची पोर, पण वाढली आणि नर्सिंग शिकली ती पुण्यात. वार्डात आली की लेकरं तिच्या पदराला लोंबकळायची. काही लेकरांच्या छातीत औषधासाठी कायमची नळी बसवलेली असते. ती तुंबू नये म्हणून मिठाच्या पाण्यानं अधूनमधून धुवावी लागते. ते नाजूक काम एकट्या रंजीताकडे होतं, कारण तिच्या हातानं लेकरू रडत नसे.

"प्रत्येक औषधाला नवी सिरिंज, नवी सुई, सगळं नवं," ती म्हणाली. "आणि ही भिंत आहे ना मॅडम, तिच्यावरचा शब्द मी एकदाही मोडला नाही. पहिल्या दिवशी सरांनी मला ती वाचून दाखवली होती."

ती खरं बोलत होती. अमरदीपला तिच्या डोळ्यांत ते दिसलं, आणि त्यानं पैज लावली असती की बाईंनाही दिसलं. सगळेच खरं बोलत होते. अडचण तीच तर होती. खोटं बोलणारा एक जरी सापडला असता तर सुटका झाली असती.

४

शनिवारी दुपारी बाई हेमलाच्या खाटेवर बसल्या. हेमला चिंध्यांच्या बाहुल्यांचा दवाखाना मांडून बसली होती. हातात सुईविना एक जुनी रिकामी सिरिंज. सिरिंजेच्या तोंडात तिनं खराट्याची काडी खोचली आणि एका बाहुलीच्या छातीला लावली.

"आधी दट्ट्या मांगं ओढाचा," ती बाहुलीला समजावत होती. "लाल आलं? आलं. म्हंजे नळी चालू हाय. आता पानी सोडाचं. रडू नोको व माय."

मग तिनं काडी उपटून फेकली, खराट्यातून दुसरी काडी मोडली, त्याच सिरिंजेला खोचली आणि दुसऱ्या बाहुलीकडे वळली. रामीबाई लेकीकडे कौतुकानं बघत होती. अमरदीपही हसला. कावीळ असो, कॅन्सर असो, पोरगी खेळत होती, हेच त्याला पुष्कळ वाटलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हेमलाच्या टकलावरून हात फिरवला आणि विचारलं, "काडी काहून बदलली?"

"नवी सुई!" हेमला म्हणाली, जणू बाईंना एवढंही कळत नव्हतं.

बाई उठल्या. थेट उकंडरावांकडे गेल्या. "किशनला अठी कोणतं औषध देत होते?"

"औषीद नाई जी. औषीद तं सारं नागपूरले झालं. अठी नुस्ती त्याची नळी धुवाले आनतो."

बाईंनी अमरदीपला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज खाली गेला होता. "डॉक्टर, किशनला या वार्डात रक्त मिळालं नाही, वस्तरा लागला नाही, औषधही मिळालं नाही. त्याला मिळालं फक्त मिठाचं पाणी. बाकी तिघांच्या छातीत काय आहे?"

"नळी," तो म्हणाला. "आणि ज्यांना नळी नाही, त्या लेकरांना ही कावीळ नाही."

"म्हणजे चोर मिठाच्या पाण्यातून आला."

"पण मॅडम, बंद बाटल्या तपासल्या. स्वच्छ आहेत. आणि नळी धुते ती रंजीता! तिनं एकाची सुई दुसऱ्याला लावली, असं देव जरी येऊन म्हणाला तरी मी मानणार नाही."

"मीही मानणार नाही," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सगळ्यांना बोलवा. आणि मला एक ट्रे द्या."

५

रविवारी वार्डात सगळे जमले. टेबलावर स्टीलचा ट्रे, त्यावर पांढरा रुमाल. बाईंनी रुमाल काढला. आत तीनच वस्तू होत्या: एक सुटी सुई, टोपणासकट, बोटाच्या पेराएवढी. एक सुटी सिरिंज, सुईविना. आणि सुई बसवलेली अख्खी सिरिंज.

"खेळ सोपा हाय," बाई म्हणाल्या. "यातली सुई कोनती, ते उचलून दाखवा. रामीबाई, तुमी पयले."

रामीबाईनं क्षणाचाही विचार न करता अख्खी सिरिंज उचलली. "हे काय. डाक्टर लावते ते."

उकंडरावांनी तीच उचलली. हरीओमनं तीच. मोहनसिंगनं तीच. अमरदीपचा हात पुढे झाला आणि त्यानंही तीच उचलली. तापात त्याची आई म्हणायची, 'डाक्टरकडं जाऊ, सुई मारून देईन.' तिला काय नुसतं ते टोक म्हणायचं होतं थोडंच? वऱ्हाडात सुई म्हणजे अख्खं इंजेक्शन. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

शेवटी रंजीता उरली.

ती ट्रेसमोर उभी राहिली. पाच माणसांनी काय उचललं, हे तिनं पाहिलं होतं. तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं, निळ्या अक्षरांकडे. अमरदीपनं तिचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं की हिला कळलं. तिचे ओठ पांढरे पडले. तरी तिनं ती सुटी, पेराएवढी सुई उचलली आणि तळहातावर ठेवून सगळ्यांसमोर धरली.

"मला शिकवलं, ही सुई," ती म्हणाली. "प्रत्येक लेकराला मी ही नवी लावली. औषध असलं की सिरिंजही नवी, ते आम्हाला शिकवलेलंच असतं. पण नळी धुताना वाटायचं, हे तर नुसतं मिठाचं पाणी. सुई बदलली की झालं. सिरिंज तीच ठेवायचे. पाणी संपलं की त्याच बाटलीतून पुन्हा भरून घ्यायचे."

"आणि पाणी सोडायच्या आधी?" बाईंनी हळूच विचारलं.

"आधी दट्ट्या मागे ओढायचा. रक्त येतं का बघायचं. म्हणजे नळी चालू आहे हे कळतं." ती थांबली. "रक्त सुईत नाही थांबत, मॅडम. ते सिरिंजेत येतं. माझ्या हातानं एकाचं दुसऱ्याला गेलं. मीच केलं."

बाईंनी ट्रेवर रुमाल पुन्हा पसरला.

"एका लेकराच्या अंगात हा आजार आधीपासून मुरलेला होता," बाई सगळ्यांना सांगू लागल्या. "पहिल्या तपासणीत सापडला नाही, तसं होतं कधीकधी. बाकी तिघांना तो सिरिंजेतून मिळाला. हेमलाच्या खेळात मला पहिल्यांदा दिसलं. ती बाहुलीला तेच करत होती, जे रोज बघत होती. काडी नवी, सिरिंज तीच. पत्ती नवी, मूठ तीच. पण एक गोष्ट आणखी सांगते, ती नीट ऐका. रंजीता सगळ्यांच्या शेवटी आली. तुमी सगळ्यांनी काय उचललं, हे तिनं पाहिलं होतं. हुशार पोर आहे, ट्रेपाशीच तिला सगळं उमगलं. तिनं बी तुमच्यासारखीच अख्खी सिरिंज उचलली असती तर माझ्यापाशी एका खेळाशिवाय काहीच नव्हतं. माझा डाव तिथंच फसला असता. मी वीस वर्षं माणसं पाहून राह्यली. एवढी छाती मी पाहिली नाही."

आपण हिला नर्स म्हणून निवडलं याचा अभिमान वाटावा की लाज, ते अमरदीपला कळेना. तो पुढे झाला. "चूक तिची एकटीची नाही. तो शब्द मी लिहिला. मला माझ्या आईची भाषा भिंतीवर हवी होती. ती वाचणाऱ्याला काय कळतं, हे मी कधी विचारलंच नाही. वाचून दाखवलं आणि निघून गेलो."

उकंडराव उठले. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस वार्ड डोक्यावर घेणार. ते मोहनसिंगसमोर जाऊन उभे राहिले. मिशा पिळायला गेलेला हात अर्ध्यातच खाली आला.

"मी लय बोललो गा तुले," ते म्हणाले. "पुढच्या वेळी रक्ताले निघशीन तं पयले इंझोरीले ये. माह्यापासून सुरू कर."

मोहनसिंगनं नुसती मान हलवली.

रामीबाई मात्र बाईंकडे बघत होती. अमरदीपला वाटलं, आता ती तोच प्रश्न विचारणार, जो कुठल्याही आईच्या मनात येईल. पहिलं लेकरू कुणाचं? बाईंनाही तसंच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "रामीबाई, ते नाव मी कोणालाच सांगणार नाही."

"नोका सांगू," रामीबाई म्हणाली. "माह्यं असंन तरी नोका सांगू. दुसऱ्याचं असंन तं बिलकुलच नोका सांगू. त्या मायनं काय केलं? मले एवढंच सांगा, हेमला वाचते का?"

"काविळीच्या गोळ्या आजच सुरू होतील. रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. लिव्हर निवळलं की कॅन्सरचं औषध पुन्हा चालू. अठीच, याच खाटेवर. हे लेकरू दोन्ही लढाया लढू शकते, मी पाहिलं तिले."

६

वार्डाला कुलूप लागलं नाही. बाईंनी जिल्ह्याला काय लिहून पाठवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण रंजीता नोकरीवर राहिली, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक नर्सला ती स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगू लागली. अशी माणसं कुठल्या मातीची असतात, हे अमरदीपला अजून कळलेलं नाही.

भिंत पुन्हा रंगवली. नवी ओळ काय लिहायची यावर खूप काथ्याकूट झाला. शेवटी रामीबाई म्हणाली, "मले तं वाचताच येत नाई. तुमी लिहा का नोका लिहू. पाकीट माह्यासमोर फोडा, म्हंजे झालं." मग तेच ठरलं. भिंतीवर आता अक्षर नाही. अख्ख्या सिरिंजेचं बंद पाकीट काढलंय, शेजारी मिठाच्या पाण्याची एका लेकरापुरती छोटी कुपी, आणि दोन्ही धरलेले बाईमाणसाचे दोन हात.

हेमलाचं लिव्हर निवळल्यावर तिचं औषध पुन्हा सुरू झालं, त्या सकाळी अमरदीप दाराशीच उभा राहिला. आत जायचा त्याला धीर होईना. रंजीता ट्रे घेऊन खाटेपाशी आली, पण थोडी लांबच थांबली. "रामीबाई, दुसऱ्या सिस्टरला बोलावते," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटेल."

"काहून?" रामीबाई म्हणाली. "तुह्या हातानं ती रडत नाई."

तिनं ट्रेमधलं बंद पाकीट उचललं, उजेडाकडे धरून नीट पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं फोडून उघडं टोक रंजीतासमोर केलं.

"घे," ती म्हणाली. "लाव सुई."